यमू, उमराव, कालिंदी : हैदराबादच्या दोन भाषांतल्या मुली

अफझलगंज ही मुसी नदीच्या उत्तर काठावरची हैदराबादची जुनी पेठ. 1857 ते 1869 या काळात गादीवर असलेले पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाने ती ओळखली जाते. धान्याच्या व्यापाऱ्यांनी ती गजबजवली आणि नदीवरच्या नव्या पुलामुळे जुन्या शहरात शिरण्याची वाट तिच्यातूनच जाऊ लागली. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला आलेल्या महापुरात इथला जुना दवाखाना आणि त्याभोवतीची वस्ती वाहून गेली. त्यानंतर नदीकाठाची नव्याने आखणी झाली. पलीकडच्या काठावर हायकोर्ट आणि सिटी कॉलेज उभे राहिले, तर अलीकडे उस्मानिया दवाखाना आणि त्याच्या शेजारी 1936 साली आसफिया ग्रंथालयाची दगडी इमारत. आज त्या ग्रंथालयाला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणतात. बाहेर बसगाड्यांचा आणि फळवाल्यांचा कालवा चालू असतो आणि आत उर्दू, तेलुगू, मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी पुस्तके एका छपराखाली नांदतात.

पुरुषांच्या राज्यात वाढणाऱ्या, सोसणाऱ्या आणि सोसता सोसता शहाण्या होणाऱ्या मुलींच्या कादंबऱ्यांचा इतिहास सांगायला हैदराबाद हे चांगले ठिकाण आहे. याचे कारण इथल्या माणसांत आहे. या प्रकारच्या उर्दू कादंबरीचा पाया घालणारे लेखक निजामाच्या नोकरीत होते. मराठीतली सर्वांत वादग्रस्त नायिका उभी करणारा कादंबरीकार 1931 साली इथेच साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसला. आणि ज्यांनी 1891 साली आसफिया ग्रंथालयाची स्थापना केली, त्या इमाद-उल-मुल्क सय्यद हुसेन बिलग्रामी यांची मुलगी तय्यबा बेगम स्वतःच कादंबरीकार झाली. एका काठावरच्या कथा दुसऱ्या काठावर मात्र फारशा पोहोचल्या नाहीत. मराठी घरात हरी नारायण आपट्यांच्या यमूसाठी डोळे पुसले जात, उर्दू घरात मिर्झा हादी रुसवांच्या उमरावसाठी, आणि या दोघी एकाच दशकात जन्मल्या हे दोन्ही घरांना क्वचितच ठाऊक असे.

निजामाच्या राज्याची लोकसंख्या 1901च्या जनगणनेत एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती. तिच्यातला सुमारे चौथा हिस्सा मराठी बोलणारा होता. हे लोक मुख्यतः औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत राहत. कारभाराची भाषा मात्र उर्दू. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेही उर्दू माध्यमाचे. मराठी शाळा काढायची तर लोकांनी वर्गणी गोळा करायची आणि सरकारच्या संशयी नजरेला तोंड द्यायचे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशा मंडळींच्या आधाराने विवेकवर्धिनीसारखी संस्था वाढली ती याच परिस्थितीत. राजधानीतल्या मराठी माणसाला वाचायला पुस्तक हवे असे तेव्हा तो शहाअलीबंड्याच्या भारत गुणवर्धक संस्थेकडे किंवा पुढच्या काळात मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे वळे. अफझलगंजाहून चालत जाता येईल अशा सुलतान बाजाराचे महत्त्व वेगळेच होते. तो भाग 1933 पर्यंत ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत असल्याने निजामाच्या पोलिसांचा धाक तिथे कमी. तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम 1901 साली जन्मले तेही याच परिसरात. सभा, वाचनालये आणि वर्तमानपत्रे या भागात दाटीने वाढली त्यामागे निव्वळ योगायोग नव्हता.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857ची, म्हणजे अफझलउद्दौला गादीवर आले त्याच वर्षाची. यमुना ही शिकलेली तरुणी नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते. पुढे तिच्यावरच तो प्रसंग येतो. पदमनजी ख्रिस्ती झालेले, त्यामुळे पुस्तकाचा शेवट धर्मांतराकडे आणि पुनर्विवाहाकडे जातो. कादंबरी म्हणून ती आज जड वाटते, कारण पात्रे बोलण्यापेक्षा युक्तिवादच अधिक करतात. तरीही वाचकाने ती एकदा डोळ्यांखालून घालावी. मुलीचे दुःख हा कथेचा विषय होऊ शकतो, हे मराठीत पहिल्यांदा या पुस्तकाने मान्य केले.

उर्दूत हे काम नझीर अहमदांनी केले. त्यांची 'मिरात-उल-उरूस' 1869 साली आली. अमेरिकेत लुइसा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन', म्हणजे शांता शेळके यांच्या अनुवादामुळे मराठी घरांत लाडकी झालेली 'चौघीजणी', त्याच्या एकच वर्ष आधीची. नझीर अहमदांनी हे पुस्तक मुळात आपल्या मुलींना वाचायला दिले होते, कारण मुलींच्या हाती देण्याजोगे उर्दू पुस्तक त्यांना सापडेना. त्यात दोन बहिणी आहेत, अकबरी आणि असगरी. दोघींची लग्ने एकाच घरात दोन भावांशी होतात. अकबरी लाडावलेली आणि हेकट, ती संसाराचा बट्ट्याबोळ करते. असगरी लिहायला-वाचायला शिकलेली, ती सासरचा विस्कटलेला हिशेब नीट बसवते आणि पुढे मुलींना शिकवू लागते. उत्तरेकडच्या इंग्रज सरकारने या पुस्तकाला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. 1877च्या सुमारास निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी नझीर अहमदांना हैदराबादच्या नोकरीत बोलावले आणि सात-आठ वर्षे ते निजामाच्या महसूल कारभारात राहिले. असगरी फारच शहाणी आहे, ही तिची खोड. वाचकाचा जीव अकबरीत गुंततो, कारण ती चुकते, रुसते, फसते. आदर्श मुलगी लिहायला घेतलेल्या लेखकाच्या हातून बिघडलेली मुलगी अधिक जिवंत उतरावी, हे पुढेही अनेकांच्या बाबतीत घडले.

यानंतरच्या दोन कादंबऱ्यांजवळ थोडे थांबायला हवे. पहिली हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!'. ही 'करमणूक' साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः येऊ लागली. यमू ही तिची निवेदिका आणि आठवणी सांगणारीही तीच. तिचे लहानपण ऐकताना वाचक विसरतो की लेखक एक पंचविशीतला पुरुष आहे. भावाशी होणारी भांडणे, मोठ्यांच्या बोलण्यातले अर्धेच कळलेले शब्द, शेजारच्या मैत्रिणीचे रहस्य, आई गेल्यावर घरात उरलेली पोकळी, हे सारे त्या पोरीच्या उंचीवरून दिसते. तिची मैत्रीण दुर्गी एका वाह्यात नवऱ्याच्या तावडीत सापडते, आणि यमूचे नशीब मात्र थोडा काळ बरे निघते. नवरा समंजस आहे. तो तिला वाचायला शिकवतो. मुंबईत दोघांचे बिऱ्हाड होते तेव्हा वर्तमानपत्र, पुस्तके आणि मित्रमंडळींच्या चर्चा तिच्या आयुष्यात येतात. कादंबरीतली ही पाने सर्वांत उजळ आहेत, आणि म्हणूनच पुढचे वाचवत नाही. नवरा अकाली जातो. सासरी परतलेल्या यमूला घरातल्या शंकरमामंजींच्या हाती सोपवल्यासारखे होते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. आपटे इथे उपदेश करत नाहीत. त्या मुलीच्या अंगावर काय येते आहे तेवढेच सांगतात. लेखनाच्या काळात काशीबाई कानिटकरांसारख्या लिहित्या स्त्रीशी त्यांचा स्नेह होता. काशीबाई स्वतः लग्नानंतर अक्षर शिकल्या आणि पुढे 'रंगराव' ही कादंबरी लिहून कादंबरीकार झाल्या. यमूच्या घरातल्या बायकांच्या बोलण्याचा खरेपणा कुठून आला असावा, याचा अंदाज या स्नेहावरून बांधता येतो.

दुसरी कादंबरी मिर्झा हादी रुसवांची 'उमराव जान अदा', 1899 सालची. इथेही निवेदिका मुलगीच आहे, ऐकणारा आणि लिहून घेणारा रुसवा नावाचा लेखक. फैजाबादच्या एका साध्या जमादाराची अमीरन वैरातून पळवली जाते. लखनौत तिच्याबरोबर रामदेई नावाची आणखी एक पळवलेली पोर असते. दोघींची विक्री होते. अमीरनला विकत घेते खानम ही कोठीवाली, रामदेईला एक बेगम, आपल्या मुलासाठी. पुढे बऱ्याच वर्षांनी या दोघी पुन्हा भेटतात. एक नामवंत गायिका आणि शायरा आहे, दुसरी इज्जतदार घरची बेगम. दोघींची विक्री एकाच ठिकाणाहून झाली, गिऱ्हाईक तेवढे वेगळे निघाले. अब्रू म्हणजे काय, या प्रश्नावर शंभर पानांचे व्याख्यान झाले असते ते रुसवांनी एका भेटीत आटोपले. कोठीवर अमीरनची उमराव होते. मौलवी साहेब तिला फार्सी शिकवतात, उस्ताद गाणे शिकवतात. यमूला अक्षर नवऱ्याच्या कृपेने चोरूनमारून मिळाले, तर उमरावला विकली गेल्यामुळे मिळालेले शिक्षण त्या काळच्या कुठल्याही इभ्रतदार घरातल्या मुलीपेक्षा वरच्या दर्जाचे होते. ती फैजाबादला परत जाते तेव्हा आईची माया उचंबळून येते, पण भाऊ तिला उंबऱ्याशी थारा देत नाही.

रुसवा पुढे हैदराबादला आले. उस्मानिया विद्यापीठासाठी पाठ्यपुस्तके उर्दूत आणणाऱ्या दारुल तर्जुमा या संस्थेत ते तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राचे ग्रंथ भाषांतरित करत बसत. उमरावसारखी बाई लिहिणारा माणूस दिवसभर पारिभाषिक शब्द पाडत होता, हा सरकारी नोकरीचा नेहमीचा विनोद. ऑक्टोबर 1931 मध्ये त्यांचे हैदराबादलाच निधन झाले.

या दोन्ही कादंबऱ्या पुरुषांनी स्त्रीच्या तोंडून सांगितल्या, हे आज खटकू शकते. पण त्यांची वीण पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. मुलीच्या हाती पुस्तक कोणी दिले आणि कशासाठी, या एका प्रश्नाभोवती दोन्ही फिरतात. नझीर अहमदांना असगरी शिकायला हवी ती घर नीट चालावे म्हणून, यमूच्या नवऱ्याला हवी ती सोबतीण मिळावी म्हणून, आणि खानमला हवी ती मैफिलीचा भाव वाढावा म्हणून. मुलीला स्वतःसाठी शिकायचे असेल तर काय, हे विचारायला पुढची पिढी आणि बायकांचीच लेखणी लागली.

हैदराबादेत ती लेखणी लवकर चालू लागली. तय्यबा बेगम (1873-1921) या पडद्यात राहून मद्रास विद्यापीठाच्या पदवीपर्यंत पोहोचल्या. भारतातल्या पहिल्या मुस्लिम स्त्री पदवीधरांत त्यांची गणना होते. त्यांची 'अन्वरी बेगम' ही कादंबरी शिकलेल्या मुलीला घरातच मार्ग शोधायला लावते. तिच्यात बंड नाही. पण हैदराबादी जनान्याचे रीतिरिवाज आतून माहीत असलेल्या बाईने ते लिहिले आहेत, आणि दिल्ली-लखनौच्या मौलवींच्या कादंबऱ्यांत हे नव्हते. त्यांच्यामागून आलेल्या सुगरा हुमायून मिर्झा (1884-1958) यांनी 'अन-निसा' हे मासिक चालवले, कादंबऱ्या लिहिल्या आणि 1934 साली मुलींसाठी सफदरिया ही शाळा काढली. 1924 साली उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय सुरू झाले. 1949 मध्ये ते कोठी भागातल्या जुन्या रेसिडेन्सीच्या प्रासादात आले, म्हणजे अफझलगंजाच्या अगदी जवळ. ज्या वास्तूत इंग्रज रेसिडेंट दरबार भरवत तिथे मुली तास सुटल्यावर डबे उघडून बसू लागल्या.

मराठीकडे वळायचे तर 1931 हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी महाराष्ट्र साहित्य संमेलन हैदराबादला भरले आणि त्याचे अध्यक्ष होते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशाचे 23 खंड एकहाती वृत्तीने पुरे करणारा हा माणूस कॉर्नेलचा पीएच.डी. त्याने जर्मन ज्यू तरुणीशी लग्न केले होते आणि ती शीलवतीबाई होऊन पुण्यात राहत होती. संमेलनाच्या आदल्याच वर्षी केतकरांची 'ब्राह्मणकन्या' ही कादंबरी आली होती. तिची नायिका कालिंदी डग्गे. बाप ब्राह्मण आणि सुधारक, पण आईच्या आईचे आयुष्य रखेलीचे, म्हणून या शिकलेल्या मुलीला ब्राह्मण समाजात स्थळ मिळत नाही. बाप तत्त्वाचा, त्याची किंमत मात्र मुलीने मोजायची. कालिंदी रडत बसत नाही. ती शिवशरणप्पा नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नाशिवाय राहते, तिला मूल होते, तो तिला सोडतो, आणि तरीही ती नव्याने आयुष्य मांडते. केतकरांना गोष्ट रंगवण्यापेक्षा समाज समजावण्याची हौस अधिक. मध्येच एखादे पात्र स्मृतिशास्त्रावर पानेच्या पाने बोलते, तिथे संयम लागतो. पण यमूच्या कथेनंतर जेमतेम चाळीस वर्षांत मराठी कादंबरीतली मुलगी कुठून कुठे आली, हे कालिंदीइतके दुसरी कोणी दाखवत नाही. यमूचे दुःख तिला सोसावे लागते, कालिंदीचे निर्णय तिचे स्वतःचे आहेत. अनेक जातींच्या, भाषांच्या आणि धर्मांच्या निजामी राजधानीत या कादंबरीच्या लेखकाला अध्यक्ष म्हणून बोलावले गेले हे शोभूनच दिसले.

या दशकात मराठीत अशा कादंबऱ्यांची रांगच लागली. वामन मल्हार जोश्यांनी 'रागिणी' 1915 सालीच लिहिली होती. 'सुशीलेचा देव' 1930ची आणि पत्ररूप 'इंदु काळे व सरला भोळे' त्यानंतरची. त्यांच्या नायिका विचार फार करतात, पण विचार करणारी मुलगी हीच तेव्हा बातमी होती. खरा स्फोट 1933 साली झाला. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, पुढल्या वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न जमलेल्या किंवा मोडलेल्या मुलींच्या मनातले उघड मांडल्यामुळे लेखिका कोण याचा शोध घेण्यासाठी पुणे-मुंबईत अक्षरशः धुमाकूळ माजला. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे नाव 1946 मध्ये जाहीर झाले. 'हिंदोळ्यावर'मधली अचला नवऱ्याच्या छळापासून सुटलेली आहे, तिला विराग भेटतो आणि लग्नाच्या चौकटीबाहेर मूल हवेसे वाटते. या कादंबरीची रचना ठिसूळ आहे, पण स्वतःशी खोटे न बोलणारी स्त्री तिच्यात आहे. गीता साने यांच्या 'निखळलेली हिरकणी'चाही (1936) इथे उल्लेख करायला हवा. विदर्भातल्या या लेखिकेची भाषा मालतीबाईंपेक्षा कोरडी आणि भूमिका अधिक कडक.

निजामाच्या मराठी मुलुखातून आलेला या काळातला महत्त्वाचा कादंबरीकार म्हणजे परभणीचे बी. रघुनाथ (1913-1953). शिक्षणासाठी ते हैदराबादेत राहिले, पुढे सरकारी कारकुनी करत लिहीत राहिले आणि चाळिशीतच गेले. मुलीला केंद्रस्थानी ठेवून वाढणाऱ्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या असे म्हणता येत नाही. पण 'आडगावचे चौधरी'सारख्या पुस्तकात ढासळत्या वाड्यांमधल्या बायकांचे कोंडलेपण दिसते, आणि ती मराठवाड्याची खरी नोंद आहे. मराठवाड्यातून मुलीची स्वतःची कथा स्त्रीच्या हातून यायला बराच वेळ लागला. मुलींच्या शाळा तुरळक होत्या आणि शिक्षणाची भाषा परकी, हे त्याचे साधे कारण.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे राज्य संपले. 1956 मध्ये भाषावार रचनेने राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले. 1955च्या ग्रंथालय कायद्याने आसफियाचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय झाले होते, पण त्याच्या मराठी वाचकांचा मोठा हिस्सा आता दुसऱ्या राज्याचा नागरिक होता.

उर्दूत आणि इंग्रजीत मात्र हैदराबादचे घर सोडून न जाता त्याच्या पडझडीवर लिहिण्याची धमक स्त्रियांनी दाखवली. 1951 साली झीनत फतेहअली यांची 'झोहरा' इंग्रजीत आली. नवाबी घरातली, शिकण्याची ओढ असलेली मुलगी ठरवून दिलेल्या लग्नात अडकते आणि दिराकडे ओढली जाते, असे त्या कादंबरीचे सूत्र. त्याहून दमदार आहे जिलानी बानो यांची 'ऐवान-ए-गझल' (1976). जिलानी बानो यांचा जन्म 1936चा, बदायूनचा, पण वाढल्या त्या हैदराबादेतच. ऐवान-ए-गझल हे एका हवेलीचे नाव. तिथे शायरी आहे, खानदान आहे, तोंडात साखर आहे आणि मुलींचा सौदाही आहे. चांद आणि गझल या दोन मुली त्या घराच्या ऐटीखाली चिरडल्या जातात. कैसर नावाची आणखी एक मुलगी तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात जाते आणि तिची मुलगी क्रांती त्या मार्गावर पुढे निघते. सरंजामी हैदराबाद कोसळले ते घरातल्या मुलींच्या शरीरावर, असे ही कादंबरी जवळजवळ ठासून सांगते. तिच्यात पात्रांची गर्दी आहे, पहिली शंभर पाने नाती लावण्यात जातात. ती ओलांडली की पुस्तक हातातून सुटत नाही.

याच शहरात वाजिदा तबस्सुम लिहीत होत्या. त्या मूळच्या अमरावतीच्या, 1935 सालच्या, आईबापांविना वाढलेल्या. 1947 नंतर कुटुंब हैदराबादला आले आणि उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी उर्दूत एम.ए. केले. त्यांच्या दख्खनी बोलीत मराठीची लकब वाचकाला ऐकू येते. 'उतरन' (म्हणजे वापरून टाकलेले कपडे) या त्यांच्या कथेत मालकिणीचे जुने कपडे अंगावर चढवत वाढलेली दासीची पोर, मोठी झाल्यावर मालकिणीच्याच लग्नाच्या वेळी तिला न विसरता येणारी उतरन परत करते. कादंबरी नसूनही या यादीतून ती वगळता येत नाही, कारण नोकरांच्या खोलीतून दिसणारी हवेली तिच्याआधी क्वचितच कोणी लिहिली होती.

निजामी सरहद्दीला लागून असलेल्या सोलापूर भागाने मराठीला आणखी दोन पुस्तके दिली. मालतीबाई बेडेकरांनी तिथल्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केले होते. त्या अनुभवावरची 'बळी' ही कादंबरी 1950 साली प्रसिद्ध झाली. तारेच्या कुंपणात जन्मलेल्या माणसांचे जग तिच्यात आहे, आणि 'हिंदोळ्यावर' लिहिणाऱ्या लेखिकेने आपले वर्तुळ सोडून इतके दूर जावे, याचे श्रेय तिला पुरेसे मिळालेले नाही. दुसरे पुस्तक म्हणजे शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा', 1986 साली आलेले. हे आत्मकथन, म्हणून काटेकोर अर्थाने कादंबरी नाही, पण यमूने सुरू केलेली रांग इथेच खऱ्या अर्थाने पुढे सरकते. यातली नाजा महार घरची मुलगी आहे. शाळेत तिला वर्गाबाहेर बसावे लागते, घरात पोटभर अन्न नसते, आणि तरी ती शिकते, शिक्षिका होते, नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर स्वतःचा मार्ग धरते. भाषा बोलीची, वाक्ये तोकडी, उमाळे जवळजवळ नाहीतच. भुकेचे वर्णन ती असे करते की जणू हवामान सांगते आहे. आपट्यांच्या यमूला दुसऱ्याने आवाज दिला होता, केतकरांच्या कालिंदीला विचार. नाजाचे दोन्ही स्वतःचे आहेत.

या कथांकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाने काळाचा क्रम न पाळलेला बरा. 'पण लक्षात कोण घेतो!' आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही दोन पाठोपाठ वाचावीत. पहिले लांब आहे, ते संथपणे, क्रमशः आले तसेच वाचण्यात मजा आहे; दुसरे एका बैठकीत संपते. त्यानंतर 'उमराव जान अदा' हाती घ्यावी. चित्रपट आधी पाहिला असेल तर तो बाजूला ठेवून वाचावी, कारण पडद्यावरच्या उमरावपेक्षा पुस्तकातली उमराव जास्त मिश्कील आणि व्यवहारी आहे. 'ब्राह्मणकन्या' तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर, सामाजिक चर्चा वाचण्याची तयारी झाल्यावर. 'ऐवान-ए-गझल' शेवटी. तोवर हैदराबादची हवेली, रेसिडेन्सी, सुलतान बाजार आणि मुसीचे दोन काठ यांचा नकाशा मनात तयार झालेला असतो आणि पात्रांच्या गर्दीत वाट चुकत नाही. 'यमुनापर्यटन' आणि 'मिरात-उल-उरूस' अभ्यासकासाठी ठेवाव्यात. अकबरीसाठी मात्र दुसरीची पहिली काही प्रकरणे कुणीही वाचायला हरकत नाही.